रंगाकडे शेवटी बघा: रिस्टोर केलेली पॅकार्ड पॅट्रिशियन कशी पारखायची, कशी सांभाळायची

१९५५ किंवा १९५६ ची पॅकार्ड पॅट्रिशियन, म्हणजे पॅकार्ड या जुन्या अमेरिकन कंपनीची मोठी आलिशान गाडी, घ्यायचं मनात असेल, तर ती बघायला जाताना चांगले कपडे घालू नका. गुडघे टेकावे लागतील, पाठीवर झोपून गाडीखाली सरकावं लागेल, हात काळे होतील. सोबत एक चांगली विजेरी, एक लहान लोहचुंबक, जाड पुठ्ठा आणि वजनदार असे दोन मित्र घ्या. मित्र कशाला ते पुढे सांगते. रंग, क्रोम आणि गाद्या सगळ्यात शेवटी बघायच्या. त्या नजरेत भरल्या की बाकी तपासणीत मन लागत नाही, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

मी मूळची सांगलीची. नोकरीची सगळी वर्षं मिशिगनमध्ये गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर १९५६ ची एक काळी पॅट्रिशियन घरी आली. आमच्या मराठी मंडळींपैकी ज्यांना जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद लागतो ते बहुतेक कॅडिलॅककडे वळतात. त्यात वावगं काही नाही. कॅडिलॅकचे सुटे भाग सहज मिळतात, माहीतगार मेकॅनिकही मिळतो. पण पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांत अभियांत्रिकीचं सगळ्यात मोठं धाडस मला विचाराल तर या पॅकार्डमध्ये आहे, आणि ते धाडस आजही रस्त्यावर चालताना अनुभवता येतं. म्हणून हा लेख फक्त तिच्यासाठी.

आधी हे समजून घ्या

पॅकार्ड कंपनी १८९९ मध्ये ओहायोतल्या वॉरन गावात सुरू झाली आणि १९०३ मध्ये डेट्रॉइटला आली. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा तिचा अवाढव्य कारखाना वास्तुकार अल्बर्ट कान यांनी रचलेला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकेत श्रीमंतांची गाडी म्हणजे पॅकार्ड असं समीकरणच होतं. युद्धानंतर कॅडिलॅकने तिला मागे टाकलं. १९५४ मध्ये पॅकार्ड आणि स्टुडबेकर एकत्र आल्या, आणि १९५५ च्या मॉडेलसाठी पॅकार्डने होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं: नवं व्ही-८ इंजिन, नवा ट्विन अल्ट्रामॅटिक गियरबॉक्स, जगावेगळं टॉर्शन-लेव्हल सस्पेन्शन. त्याच सुमाराला जुळणीसुद्धा जुन्या कारखान्यातून कॉनर ॲव्हेन्यूवरच्या लहान, अपुऱ्या जागेत हलवली. नवी यंत्रणा, नवी जागा आणि हातात वेळ नाही. २५ जून १९५६ ला डेट्रॉइटमध्ये शेवटची पॅकार्ड बनली आणि संपलं. १९५७ आणि १९५८ मध्ये पॅकार्ड नावाने विकल्या गेलेल्या गाड्या इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये बनत होत्या आणि त्यांचं मूळ अंग स्टुडबेकरचं होतं.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ही यंत्रणा दोनच वर्षं बाजारात होती. इतर कंपन्यांच्या नव्या इंजिनातले दोष तिसऱ्या-चौथ्या वर्षी कारखान्यातच निघून जातात. पॅकार्डला तिसरं वर्ष मिळालंच नाही. ते दोष पुढे मालकांनी आणि त्यांच्या मेकॅनिकांनी आपापल्या गॅरेजात, वर्षानुवर्षं डोकं लावून दूर केले. म्हणून रिस्टोर केलेल्या पॅकार्डबाबत विचारायचा खरा प्रश्न एकच: ठरावीक चार-पाच दोष या गाडीत कुणी दूर केलेत, की फक्त रंग चढवलाय? कारखान्यातून आली अगदी तशीच गाडी ठेवणारे शौकीन आहेत. प्रदर्शनापुरती ठेवायची असेल तर त्यांचं बरोबर. रस्त्यावर चालवायची असेल तर न दिसणाऱ्या जागी केलेली दुरुस्ती मला दहापट मोलाची वाटते.

निघण्यापूर्वी फोनवर

रिस्टोरेशनचे फोटो मागा. तयार गाडीचे कुणीही पाठवतो. तुम्हाला हवेत ते रंगाआधीचे: उघडा पत्रा, काढलेलं इंजिन, साफ केलेली चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, मागची चाकं त्याला जोडणारे हात सुटे पडलेले. ज्याने मनापासून काम केलंय त्याच्याकडे असे फोटो ढिगाने असतात आणि तो ते उत्साहाने दाखवतो. ‘तेव्हा फोटो काढायचं राहून गेलं’ असं उत्तर आलं, तर जा, पण चुंबक विसरू नका.

पावत्याही मागा. ऑइल पंप, ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग), गियरबॉक्स आणि लेव्हलरची, म्हणजे गाडी समपातळीत आणणाऱ्या यंत्रणेची, मोटर या चार गोष्टींची पावती असेल तर अर्धी लढाई जिंकली. आणि गाडीचा नंबर विचारून घ्या. १९५५ च्या पॅट्रिशियनचा नंबर ५५८२ ने आणि १९५६ च्या पॅट्रिशियनचा ५६८२ ने सुरू होतो. मालकीच्या कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघायचं. त्या काळी काही राज्यांत इंजिनाच्या नंबरावर नोंदणी होत असे. मधे कधी इंजिन बदललं असेल तर नोंदणी कचेरीत खेटे घालावे लागतात. १९५५ च्या पॅट्रिशियन ९,१२७ बनल्या, १९५६ च्या फक्त ३,७७५. तरी घाई करू नका, चांगल्या गाड्या अजून बाजारात येतात.

शेवटची सूचना विकणाऱ्याला: ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.’ गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर तिथेच थांबा आणि गार होऊ द्या.

इंजिन: तेलात हवा

१९५५ च्या पॅट्रिशियनचं इंजिन ३५२ घनइंचांचं, २६० अश्वशक्तीचं. १९५६ मध्ये ते ३७४ घनइंचांचं झालं, म्हणजे सहा लिटरहून मोठं, आणि २९० अश्वशक्ती. इंजिन मजबूत आहे. घोळ आहे तो ऑइल पंपात.

त्या काळात वायपर विजेवर नाही, इंजिनाच्या निर्वातावर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, चालत. चढावर पाय दाबला की निर्वात कमी पडतो आणि वायपर मंदावतात. त्यावर उपाय म्हणून पॅकार्डने ऑइल पंपाच्या बुडालाच एक लहान निर्वात पंप जोडला. कल्पना सुटसुटीत होती, पण त्या जोडणीतून हवा तेलात शिरते. तेलाला फेस आला की हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा ढकलणारे तेलाने भरणारे भाग, नीट भरत नाहीत आणि खडखड वाजायला लागतात. त्या काळच्या मालकांनी टॅपेट बदलले, तेलं बदलली, आवाज जाईना, कारण रोग पंपात होता.

तपासायचं असं. थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद टॅपेट वाजले तर काळजी नाही. मग गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवा, परत या, न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवा आणि बॉनेट उघडून कान द्या. गरम झाल्यावर सुरू झालेली आणि न थांबणारी खडखड वाईट. जमलं तर एक साधा यांत्रिक ऑइल प्रेशर गेज तात्पुरता लावून मंद गतीवरचं प्रेशर बघा. काटा थरथरत असेल तर तेलात हवा आहे असं समजायला हरकत नाही.

मग सहज विचारा, ‘वायपर कशावर चालतात?’ विजेची मोटर बसवून खालचा निर्वात पंप काढून टाकलाय आणि तिथे झाकणपट्टी मारलीय, असं उत्तर मिळालं तर त्या माणसाला गाडी कळते. या बदलाने गाडीचं मूळपण गेलं म्हणून किंमत पाडू नका. उलट त्यासाठी थोडे जास्त मोजा.

टॉर्शन-लेव्हल: इथे वेळ द्या

आता त्या दोन मित्रांचं काम.

इतर गाड्यांना चारी चाकांवर स्प्रिंगा असतात. या गाडीला पुढे-मागे नेहमीच्या स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक बाजूला सुमारे नऊ फूट लांबीची एकेक पोलादी कांब पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली आहे. ओला पंचा दोन्ही हातांनी पिळतो तशी ती कांब पिळलेल्या अवस्थेतच बसवलेली असते आणि त्या पिळावर गाडीचं वजन पेललेलं असतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की कांबेला आणखी पीळ बसतो आणि त्याच पिळाने त्याच बाजूचं मागचं चाक खाली रेटलं जातं. गाडीचा पुढचा भाग एकटा उसळत नाही. अख्खी गाडी सपाट राहून हलकीशी वर येते आणि सपाटच खाली बसते. विल्यम ॲलिसन या अभियंत्याची ही कल्पना. नोकरीत आम्ही असल्या गणितांसाठी संगणक वापरत होतो. ड्रॉइंग बोर्ड आणि स्लाइड रूलवर हे कुणी जमवून आणलं, याचं मला गाडीखाली शिरल्यावर दर वेळी नवल वाटतं.

एक अडचण होती. असं सस्पेन्शन इतकं मऊ असतं, की मागे तीन माणसं बसली आणि डिकीत सामान भरलं की गाडी मागून बसते. म्हणून मागच्या बाजूला आणखी दोन आखूड कांबा आणि त्यांना पिळणारी एक विजेची मोटर दिली. गाडी मागून बसली की मोटर फिरून तिला पुन्हा समपातळीत आणते. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मोटर फिरू नये म्हणून तिला सुमारे सात सेकंदांचा विलंब दिलेला आहे.

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. मागचा बंपर जमिनीपासून किती वर आहे ते मोजा, दोन्ही बाजूंनी. डॅशबोर्डच्या खाली लेव्हलर बंद-चालू करायचा खटका आहे, तो चालू आहे ना बघा. आता दोघा मित्रांना डिकीच्या काठावर बसवा. मागची बाजू खाली जाईल. गप्प उभे राहा आणि मनात सात-आठ मोजा. मोटर घरघरेल आणि गाडी मित्रांसकट हळूहळू वर उचलली जाईल. ती थांबली की मित्रांना उतरू द्या. आता मागची बाजू उंच दिसेल. परत मोजा. घरघर होईल आणि गाडी मूळ पातळीवर येईल. पुन्हा बंपर मोजा.

काहीच आवाज आला नाही तर बिघाड मोटरमध्ये, रिलेमध्ये किंवा नुसत्या वायरीत असू शकतो. त्याने सौदा मोडू नये, किंमत मात्र उतरावी. मोटर सुरू होऊन थांबतच नसेल तर नियंत्रणाचा स्विच बिघडलाय, खटका लगेच बंद करा, नाहीतर बॅटरी संपेल. दोन बाजूंच्या उंचीत डोळ्याला दिसण्याइतका फरक असेल, तर मात्र खाली शिरून कांबांच्या जोडण्या, मागचे हात आणि त्यांचे रबरी बुश नीट बघा. बऱ्याच गाड्यांत आधीच्या मालकाने वैतागून लेव्हलरची वायर कायमची काढून ठेवलेली असते. गाडी तशीही चालते, कारण वजन मुख्य कांबा पेलतात. पण पॅकार्ड घेऊन लेव्हलर बंद ठेवायचा, हे मला पटत नाही.

यानंतर रस्त्यावर न्या. रेल्वे फाटक असलेला रस्ता मिळाला तर उत्तम. ताशी पंचवीस-तीस मैलांनी रूळ ओलांडा. धक्का जाणवेल, पण नाक खाली-वर डोलणार नाही. डोललं तर शॉक ॲब्सॉर्बर गेलेत किंवा बुश झिजलेत.

दोन इशारे, आणि हे जिवाशी संबंधित आहेत. गाडी जॅकवर घेण्याआधी लेव्हलरचा खटका बंद करायचाच. नाहीतर मागची बाजू उचलली गेल्याचं कळून मोटर फिरू लागते आणि गाडी जॅकवरून सरकू शकते. दुसरं, मुख्य कांबेला घरी हात लावू नका. तिच्यात साठलेला जोर माणसाला ठार करू शकतो. पीळ उतरवायला खास अवजार लागतं आणि ते वापरलेला माणूस लागतो. तुमचा नेहमीचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी ‘हे तुम्ही आधी केलंय का?’ असं स्पष्ट विचारा.

ब्रेक

पॅट्रिशियनचे ब्रेक ड्रमचे आहेत आणि मास्टर सिलिंडर एकच. म्हणजे एका चाकाशी तेल गळलं की चारी चाकांचा ब्रेक जातो. त्यात पॉवर ब्रेक असेल, त्याला पॅकार्ड ईझामॅटिक म्हणे, तर तो बेंडिक्सचा ट्रेडल-व्हॅक नावाचा बूस्टर आहे. पेडलचा दांडा थेट त्याच्यात जातो. आतली दट्ट्याची सळई गंजली, की सील फाटतं आणि ब्रेकचं तेल निर्वाताच्या डब्यात ओढलं जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, पण टाकीतलं तेल कमी होत जातं, आणि एके दिवशी पेडल थेट खाली जातं.

म्हणून या बूस्टरची दुरुस्ती कधी झाली आणि सळई स्टेनलेस स्टीलची बसवली का, याची पावती दाखवली नाही तर गाडी स्वतः चालवत घरी आणू नका, ट्रेलरवर आणा. तपासणीत इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबून एक मिनिट धरा. ते उंचावर आणि टणक राहायला हवं. हळूच खाली सरकत असेल तर गळती आहे. गाडी चालवून आल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक सुटत नाहीये.

काही मालक हा बूस्टर काढून दोन कप्प्यांचा आधुनिक मास्टर सिलिंडर बसवून घेतात. एरवी बहुतेक बाबतींत मी जुनं टिकवण्याच्या बाजूची आहे. ब्रेकच्या बाबतीत नाही. नातवंडं मागच्या सीटवर बसवायची असतील तर बदलून घ्या.

गियरबॉक्स आणि बटणं

पॅकार्डने १९४९ मध्ये स्वतःचा अल्ट्रामॅटिक बाजारात आणला. मोठ्या तीन कंपन्यांच्या (जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर) बाहेरच्या एखाद्या अमेरिकन कंपनीने एकटीने ऑटोमॅटिक गियरबॉक्स घडवणं हे फार मोठं काम होतं. १९५५ चा ट्विन अल्ट्रामॅटिक ही त्याची पुढची पायरी, आणि त्यावर काम केलेल्या तरुण अभियंत्यांत पुढे स्वतःच्या नावाच्या गाडीमुळे गाजलेले जॉन डीलोरियन होते. चालायला तो लोण्यासारखा मऊ. पण व्ही-८ चा जोर त्याला जेमतेम झेपतो. सिग्नल सुटताच पाय पूर्ण दाबून पळवायची ही गाडी नाही.

थंड असताना रिव्हर्स टाका. एक-दोन सेकंदांत पकड यायला हवी. इंजिन गरजतंय आणि गाडी जागची हलत नाही, असं झालं तर मोठा खर्च समोर आहे. गियर तेलाची काडी काढून वास घ्या, करपट वास नको.

१९५६ च्या काही गाड्यांत गियरसाठी दांड्याऐवजी स्टेअरिंगच्या उजवीकडे बटणांची डबी असते. बटण दाबलं की गियरबॉक्सवरची विजेची मोटर काम करते. दिसायला देखणी, पण तिचे विजेचे संपर्क काळे पडतात, ओलाव्याने बिघडतात. सगळी बटणं दोन-दोनदा दाबून बघा. आणि एक सवय लावून घ्या: उतारावर गाडी उभी करताना आधी हँडब्रेक ओढायचा, गाडीचं वजन त्याच्यावर येऊ द्यायचं, मगच पार्कचं बटण दाबायचं. उलटं केलंत तर गाडीचं सगळं वजन पार्कच्या खिट्टीवर येतं आणि सकाळी ती छोटी मोटर गियर सोडवू शकत नाही.

आता पत्रा, क्रोम, रंग

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खालीच हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, त्यामुळे इथे मिठाला तोटा नाही, आणि इथे आयुष्य काढलेल्या जुन्या गाड्यांचा पत्रा त्याची किंमत मोजतो. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या भागातली गाडी रंग उडालेली, गाद्या फाटलेली असली तरी पत्र्याने शाबूत असते.

दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि दारांचा खालचा काठ, इथे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पुठ्ठ्यावर झोपा. चासीचे लांब गर्डर, विशेषतः मागच्या हातांच्या आणि कांबांच्या जोडण्यांपाशी, विजेरीने इंच इंच बघा. या गाडीत तिथे नुसतं वजन नाही, कांबांचा पीळही येतो. जाड काळ्या रंगाचा थर नवाकोरा दिसत असेल तर बोटाने ठोकून आवाज ऐका. इथला गंज वर कितीही सुंदर रंग असला तरी मी माफ करत नाही.

क्रोमचा हिशोब वेगळा. बंपर पोलादी असतो, तो परत प्लेटिंग करणं सोपं. पण बॉनेटवरची मूर्ती, नावाची अक्षरं, मागच्या दिव्यांच्या चौकटी हे सगळं जस्ताच्या ओतीव धातूचं आहे. ते आतून फुगतं आणि त्यावर बारीक फोड येतात. प्रत्येक फोड कोरून काढायचा, तांब्याने भरायचा, घासायचा, मग निकेल आणि त्यावर क्रोम. हे हाताचं काम आहे आणि ते करणारे कारागीर कमी होत चाललेत. फोड आलेल्या वस्तू मोजा आणि एखाद्या चांगल्या प्लेटिंगवाल्याकडून अंदाज घ्या. आकडा बघून बसायला होतं. पॅकार्डचे डिझायनर रिचर्ड टीग यांनी काढलेले मागचे उंच, कमानदार दिवे, ज्यांना सगळे कॅथीड्रल म्हणतात, त्यांची काच आणि चौकट शाबूत असेल तर समाधान माना. मूळ साचा १९५१ च्या गाडीचा होता, आधीचे डिझायनर जॉन राइनहार्ट यांचा. टीग यांनी त्याच साच्यावर हे दिवे, नवं नाक आणि पट्ट्या चढवून तो इतका नवा करून दाखवला, की जुन्या साच्याची शंकाही येत नाही.

पुढची गोल वळणारी काच कडेने दुधाळ झालीय का बघा, ती बदलायला महाग पडते. टायरवरचा तारखेचा चार अंकी आकडा वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पांढऱ्या पट्ट्याचे टायर वीस वर्षांनंतरही नवे दिसतात आणि आतून दगड झालेले असतात. आता रंगाकडे बघा, हवा तितका वेळ.

घरी आणल्यावर

आधी गॅरेज मोजा. गाडी अठरा फुटांहून लांब आहे, वजन दोन टनांच्या आसपास. विमा घेताना ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, म्हणजे नुकसान झालं तर आधी कागदावर मान्य झालेली रक्कम मिळते. नेहमीच्या विम्यात ती दरवर्षी घटलेली धरतात. मिशिगनमध्ये २६ किंवा त्याहून जास्त वर्षं जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. ती स्वस्त आहे, पण वापरावर बंधनं आहेत. रोज भाजी आणायला न्यायची असेल तर साधी प्लेट घ्या.

इंजिनात जस्तयुक्त तेल घाला. आजच्या साध्या तेलांत ते प्रमाण कमी केलेलं आहे आणि या इंजिनाच्या कॅमशाफ्टला ते लागतं. १९५६ च्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण दाबण्याचं प्रमाणही जास्त, दहास एक, म्हणून पेट्रोल प्रीमियमच. मिळालं तर इथेनॉल नसलेलं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, त्यामुळे नळ्या नव्या आहेत का हे पहिल्याच आठवड्यात बघून घ्या. १९५५ च्या गाडीत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो, १९५६ मध्ये ऋण टोक. दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून सुरू करायची वेळ आली तर आधी कुठली पट्टी बॉडीला गेलीय ते बघा, अंदाजाने जोडू नका.

चालवत राहा. उन्हाळ्यात दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास, इंजिन पूर्ण गरम होईल इतकं. मिशिगनमधल्या शेल्बी टाउनशिपमध्ये पॅकार्डच्या चाचणी मैदानाची जतन केलेली जागा आहे, ओहायोतल्या वॉरन आणि डेटनला पॅकार्डची संग्रहालयं आहेत. तिथे जाणारे मालक सुटे भाग कुणाकडे मिळतील हे कुठल्याही यादीपेक्षा नेमकं सांगतात. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइट भागातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, न्यायची असेल तर पहाटे न्या. दुपारच्या रेंगाळत्या गर्दीत एवढं मोठं इंजिन तापतं आणि पेट्रोलची नळीतच वाफ होते.

हिवाळ्यासाठी नोव्हेंबरच्या आधी तेल बदला, जुनं तेल आम्लासकट आत राहू देऊ नका. टाकी काठोकाठ भरा आणि पेट्रोल टिकवणारं औषध घाला. बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवा. लेव्हलरचा खटका बंद. हिवाळ्यात मधूनच पाच मिनिटं इंजिन सुरू करायची अनेकांना हौस असते. त्याने इंजिन गरम होत नाही, आत फक्त पाणी साठतं. नको.

एप्रिलमध्ये, रस्त्यावरचं मीठ दोन-तीन पावसांनी धुऊन गेल्यावर, आधी ब्रेकच्या टाकीतलं तेल बघा. मग इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि स्टार्टर थोडा-थोडा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, फिरवा. ऑइल प्रेशर वर आलं की वायर जोडून इंजिन सुरू करा. गॅरेजमधून हलण्याआधी ब्रेकचं पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. गाडीखाली जॅक किंवा स्टँड राहिलेला नाही याची वाकून खात्री करा आणि मगच लेव्हलरचा खटका चालू करा.